जपानच्या शाळेत माझी मुलगी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपल्याकडे कुणी प्राध्यापिका, कुणी डॉक्टरीणबाई बोलायला येतात आणि आपण सतरंजीवर बसून ऐकतो. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमची मुलगी वर्षभर जपानात शिकून आली. तिथल्या शाळांविषयी तुम्ही बोला." मी म्हटले, "अहो, मग मुलीलाच बोलवा की." तर म्हणाल्या, "मुलगी कॉलेजात बोलली, ते झाले. आता आईने काय ऐकले ते आम्हांला ऐकू दे." म्हणून उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जपान मी पाहिलेला नाही. जे सांगणार आहे ते मुलीच्या पत्रांतले, फोनवरचे, आणि परत आल्यावर मी भाकऱ्या थापत असताना ओट्याशी उभी राहून तिने सांगितलेले.

ती गेली कशी, ते आधी सांगते. कारण किती लाख खर्च आला म्हणून पुष्कळजणींनी मला बाजारात थांबवून विचारले आहे. एएफएस नावाची एक संस्था आहे. पहिल्या महायुद्धात जखमी शिपायांना गाड्यांत घालून दवाखान्यात नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांपासून तिची सुरुवात झाली. दुसरे महायुद्ध संपल्यावर त्या मंडळींच्या मनात आले की जखमी किती उचलायचे? त्यापेक्षा लढायची बुद्धीच होऊ नये असे काही करावे. एका देशातली मुले दुसऱ्या देशातल्या घरात राहिली, त्यांच्या ताटात जेवली, तर पुढे त्यांच्यावर हत्यार उचलताना हात अडखळेल. म्हणून १९४७ पासून त्यांनी शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशात पाठवायला सुरुवात केली. आपल्या स्वातंत्र्याचेच साल, त्यामुळे माझ्या लक्षात राहिले. मुलीच्या शाळेतल्या बाईंनी तिला अर्ज भरायला लावला, मुलाखती झाल्या, शिष्यवृत्ती मिळाली. गरम कपडे आणि वरखर्च माझ्या भिशीच्या पैशांतून निघाला. २०२३ च्या मार्चमध्ये दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि लगेच ती निघाली. जपानात शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणून ते जुळून आले. परत आली ती पुढच्या फेब्रुवारीत. अर्थात अकरावीचे एक वर्ष मागे पडले.

त्या एका वर्षावरून मी किती ऐकून घेतले म्हणून सांगू! "पोरीचे वर्ष फुकट घालवता?" "परक्या घरी दहा महिने?" मी भांडले नाही. एवढेच म्हटले की माझ्या माहेरी पाटण तालुक्यात शाळा सातवीपर्यंत होती. हायस्कूल नदीपलीकडे. मुलगे जात, मुलींना घरी ठेवत. सातवीच्या पुढची माझी सगळीच वर्षे तशी गेली, त्यांचा हिशेब कुणी विचारला नाही. मग हिच्या एकाच वर्षाचा कशाला?

आता शाळेकडे वळते. जपानच्या उत्तरेकडे यामागाता नावाचा प्रांत आहे, त्यात त्सुरुओका हे गाव. समुद्र जवळ, सभोवार भातशेती. पाटणकडच्या खाचरांची आठवण येते म्हणाली, फक्त थंडीत सगळ्यावर बर्फ. ज्या घरी ती राहिली तिथे आईवडील, एक आजी आणि चौथीतला एक मुलगा. आईला तिकडे ओकासान म्हणतात. ही त्या बाईंना ओकासानच म्हणे, म्हणून मीही तेच नाव घेते. परदेशच्या मुलाला घरात ठेवण्याचे ही कुटुंबे पैसे घेत नाहीत, हे मुद्दाम सांगते.

पहिले दोन महिने मुलीचे फार कठीण गेले. जपानी लिहायला तीन प्रकारची अक्षरे लागतात: हिरागाना, काताकाना, आणि चिनी लोकांकडून घेतलेली चित्रासारखी अक्षरे, ती कांजी. प्राथमिकच्या सहा इयत्तांतच मुलांना १०२६ कांजी शिकाव्या लागतात. आमच्या मुलीला दहावीत एक्क्याण्णव टक्के मिळाले, आणि तिथे तिला दुकानावरची पाटी वाचता येईना. संध्याकाळी ती त्या चौथीतल्या पोराशेजारी बसून गिरवायची आणि तो तिच्या चुका काढायचा. एका रात्री फोनवर म्हणाली, "आई, शाळेतून एक कागद आला. सगळ्यांनी वाचला, भरला, दिला. मी हातात धरून बसले. तुला इंग्रजी फॉर्म दिला की तू तो उलटासुलटा करतेस ना, ते मला आज कळले." भगिनींनो, जपानात जाऊन ती काय शिकली असे मला कुणी विचारले तर हे मी पहिल्याने सांगते.

तिथल्या शाळेत शिरताना बाहेरचे बूट फडताळात ठेवायचे आणि आतले पांढरे कापडी जोडे घालायचे. प्रत्येकाचा खण ठरलेला. तास सुरू होताना सगळ्यांनी उठून वाकून नमस्कार करायचा, संपताना पुन्हा. हे आपल्याला नवे नाही. नवे आहे ते पुढचे. रोज पंधरावीस मिनिटे साऱ्या शाळेची साफसफाई असते, आणि ती मुले करतात. वर्गाच्या टोळ्या पाडलेल्या असतात. या आठवड्यात एका टोळीकडे वर्ग, दुसरीकडे जिना, तिसरीकडे संडास, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. बाके मागे सरकवायची, केर काढायचा, ओल्या फडक्याने फरशी पुसायची, बाके जागेवर आणायची. फडकी बहुधा जुन्या टॉवेलची दुमडून शिवलेली. वर्गशिक्षकही हाती फडके घेतात. शाळेला नोकरमाणसे नसतात असे नाही. मोडतोड दुरुस्त करायला, बाग बघायला असतात. पण रोजचा केर ज्याने केला त्याने काढायचा.

पहिल्या दिवशी हिच्या टोळीत एक उंचापुरा मुलगा होता, शाळेच्या बेसबॉलच्या संघातला. हिने फडके पिळलेले पाहून तो हसला आणि त्याने दाखवले की मुठी उभ्या धरून पिळले तर पाणी नीट निथळते. मला ऐकून गंमत वाटली. फडके पिळण्याची विद्या आमच्याही घरात आहे, पण ती एका मुलग्याने माझ्या मुलीला शिकवावी, हे काही आमच्या घरात घडले नसते.

त्या घरच्या धाकट्याच्या शाळेने हिला एकदा भारताविषयी सांगायला बोलावले आणि जेवायला ठेवून घेतले. जपानात शाळेतल्या जेवणाची सुरुवात या त्सुरुओकातच झाली, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. १८८९ साली एका देवळात भरणाऱ्या शाळेत गरीब मुलांना भाताचे मुटके, खारवलेला मासा आणि लोणचे देऊ लागले. पुढे १९५४ साली त्याचा कायदा झाला. आपल्यातल्या दोघीजणी इथल्या शाळेत पोषण आहार शिजवतात, त्यांनी पुढचे लक्ष देऊन ऐकावे.

तिथे जेवण शिजवायला माणसे असतात, पण वाढतात मुले. ज्यांचे वार असतील ती मुले पांढरे झगे, टोप्या आणि तोंडावर मास्क लावून भांडी गाड्यावरून वर्गात आणतात आणि वाढतात. सगळ्यांना वाढून होईपर्यंत कुणी घास उचलत नाही. मुलांच्या आधी मुख्याध्यापक तेच जेवण चाखून पाहतात. बरेवाईट काही असेल तर आधी त्यांच्या पोटात जावे! शिक्षक वर्गातच, मुलांबरोबर, तेच जेवतात. सुरू करताना सगळे हात जोडून "इतादाकिमासु" म्हणतात. म्हणजे हे अन्न मी नम्रपणे घेतो. आपल्याकडे श्लोक म्हणतात तसेच. काही उरले तर ज्यांना हवे ती मुले हाताच्या खुणांचा एक खेळ खेळून कुणाला मिळायचे ते ठरवतात. दुधाची कागदी खोकी रिकामी झाली की धुऊन ठेवतात. आणि आठवडा संपला की तो पांढरा झगा प्रत्येकाने घरी न्यायचा, धुऊन, इस्त्री करून सोमवारी आणायचा. कारण पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या मुलाच्या अंगावर जाणार. ओकासान त्या चौथीतल्या पोराला इस्त्री फिरवायला बसवी. तो कुरकुर करी, पण करी.

हे सारे तिथे खेळ म्हणून नाही. मोजमाप ठरलेल्या अभ्यासक्रमात "विशेष उपक्रम" म्हणून त्याला जागा आहे. शिवाय पाचवी-सहावीपासून गृहशास्त्र असते. मुलगे-मुली मिळून भात शिजवायला, सूप करायला, बटण लावायला शिकतात. मात्र तिथेही हे सुखासुखी झालेले नाही. पूर्वी मोठ्या वर्गांत मुलींना गृहशास्त्र आणि मुलग्यांना दुसरे काही, अशी वाटणी होती. तिथल्या बायकांनी वर्षानुवर्षे त्याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा कुठे १९९३ साली सातवी ते नववीच्या आणि १९९४ पासून त्यापुढच्या मुलग्यांनाही तो विषय सक्तीचा झाला.

१९९३ हे साल मुलीने सांगितले तेव्हा माझा हात पोळपाटावर थांबला. त्याच साली मी सातवी पास होऊन घरी बसले. इकडे मला शाळेतून काढून चुलीपुढे बसवले, आणि तिकडे सातवीतल्या मुलग्यांना चूल शिकायला शाळेत बसवले. मी जे तीस वर्षे केले त्याला तिथे विषय म्हणतात, त्याला पुस्तक आहे, त्याला गुण आहेत. आपल्याकडे जनगणनेला माणूस येतो आणि विचारतो, "बाई काय करतात?" घरातून उत्तर जाते, "काही नाही, घरीच असते."

आता कुणी म्हणेल, ही बाई जपानचे पोवाडे गाते आहे. तसे नाही. मुलीने उणेही सांगितले, आणि ते लपवले तर मी अर्धेच सांगितले असे होईल.

पहिले म्हणजे वर्गात कुणी प्रश्न विचारत नाही. ही आपली सवयीने हात वर करी. सगळे वळून पाहत. पुढे एका मैत्रिणीने हळूच सांगितले की तुला विचारता येते याचा हेवा वाटतो, पण आम्हांला धीर होत नाही. तिकडे एक म्हण आहे की वर आलेला खिळा ठोकून बसवतात. नियमही फार. केस किती लांब, मोजे कोणत्या रंगाचे. जन्मतः केस तपकिरी असलेल्या एका मुलीला ते काळे करायला लावले, म्हणून ओसाकाकडे २०१७ साली ती कोर्टात गेली. तोक्योच्या सरकारी हायस्कुलांनी केस काळे करण्याचा नियम २०२२ च्या एप्रिलपासून काढून टाकला. एकाला सगळ्यांनी मिळून छळायचे, त्याच्याशी बोलणे टाकायचे, असेही चालते. त्यातून मुलांनी जीव दिले, तेव्हा २०१३ साली त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. आणि शाळेचे नाव काढले की ज्यांच्या पोटात गोळा येतो, जी महिनोन्महिने घरात बसून राहतात, अशी प्राथमिक-माध्यमिकची मुले २०२३-२४ मध्ये ३ लाख ४० हजारांहून जास्त होती. जिथे केर सगळे मिळून काढतात तिथेही एखादे मूल कोपऱ्यात एकटेच राहते. आपण त्यांचे तेवढे चांगले घ्यावे आणि आपली मुले हात वर करतात ते जपावे.

दुसरे उणे शाळेतले नाही, घरातले आहे, आणि मला ते जास्त लागले. हायस्कूलच्या मुलांना शाळेत जेवण नसते, डबा न्यावा लागतो. ओकासान रोज पहाटे पाचला उठून डबे भरी. नवऱ्याचा, स्वतःचा, आमच्या मुलीचा. ती स्वतः नोकरी करी. मुलगी म्हणाली, "आई, ओतोसान शाळेत फडके पिळायला शिकले असतील, पण डबा भरताना मी त्यांना कधी पाहिले नाही." तिथल्या सरकारच्या २०२१ च्या पाहणीत सहा वर्षांखालचे मूल असलेल्या घरातली बायको घरकाम आणि मुलांचे मिळून दिवसाला ७ तास २८ मिनिटे करते, आणि नवरा १ तास ५४ मिनिटे. आपण हसायचे कारण नाही. आपल्या देशाच्या २०२४ च्या पाहणीत घरकामाला बायकांची रोज सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुषांची ८८. आणि तीही जे पुरुष काही करतात तेवढ्यांचीच धरलेली.

याचा अर्थ मी असा लावते की शाळेने बी पेरले तरी घराने पाणी घातले नाही तर ते उगवत नाही. शाळेत मुलाचे वार लागलेले असतात, घरी आले की वार संपतात आणि सगळे दिवस आईचे होतात. मग ते त्सुरुओका असो की सातारा.

जपानच्या शाळांशी आपल्या महाराष्ट्रातल्या बायकांचे नाते जुने आहे, हे थोडक्यात सांगते. महर्षी कर्व्यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका पडली. तोक्योची ती संस्था १९०१ सालची. ती वाचून अण्णांच्या मनाने घेतले की आपल्या बायकांसाठीही असे विद्यापीठ हवे. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत त्यांनी अध्यक्षपदावरून ती कल्पना मांडली आणि १९१६ साली विद्यापीठ सुरू केलेही. तेच पुढे नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झाले. मातृभाषेतून शिक्षण आणि घरच्या कामांचेही शास्त्र, हे दोन्ही त्यात होते. तेव्हा जपानकडून काही घेण्यात आपण पहिल्या नव्हे.

आणि सगळेच तिकडून आणायला हवे असेही नाही. आपल्या या साताऱ्यातच कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढले. सगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहत, एका पंक्तीला जेवत, आपली कामे आपण करत. १९२७ साली गांधीजी ते पाहून गेले. पोरांच्या जेवणाला पैसा उरला नाही तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. आणि गाडगेबाबा तर कीर्तनाआधी स्वतः गाव झाडत. मग विद्या आपल्याकडे होती, तर ती गेली कुठे?

मागच्या महिन्यात आपल्या बैठकीत यावर थोडी बोलाचाली झाली. एक ताई म्हणाल्या, "मुलांच्या हाती झाडू दिला तर पालक तक्रार करतील. शाळेत काय केर काढायला पाठवतो?" दुसऱ्या एकीचे म्हणणे त्याहून जड होते, आणि त्या बोलल्या याबद्दल मी त्यांचे आभार मानते. त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी आमच्या वर्गात झाडू ठराविक मुलांच्याच हाती दिला जाई. कोणाच्या, ते सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे शाळा आणि झाडू हे दोन शब्द एकत्र आले की माझ्या अंगावर काटा येतो." सभेत सगळ्या गप्प झाल्या.

मी त्यावर घरी जाऊन पुष्कळ विचार केला. मला वाटते, त्यांचे म्हणणे आणि जपानची रीत या एकमेकांविरुद्ध नाहीत. आपल्या देशात झाडू कुणाच्या हाती द्यायचा ते जन्मावरून ठरत आले. कधी जातीवरून, कधी बाई म्हणून. जपानच्या शाळेत ते हजेरीच्या तक्त्यावरून ठरते. डॉक्टरांचा मुलगा असो, शेतकऱ्याची मुलगी असो, त्या आठवड्यात नाव आले की संडास त्यांचा, आणि गुरुजी सोबत. झाडू तोच. एका ठिकाणी तो अपमान होतो, दुसऱ्या ठिकाणी धडा होतो. फरक एवढाच की तक्त्यावरून कुणाचे नाव वगळलेले नाही. एकाचे जरी वगळले तरी तो धडा राहत नाही, ती वेठ होते.

आमच्या घरी काय झाले, तेही सांगते. नाहीतर म्हणाल, दुसऱ्याला सांगणे सोपे. मुलगी आल्यावर तिने स्वयंपाकघराच्या भिंतीला एक कागद चिकटवला. सातही वार, आणि प्रत्येकापुढे नाव: हिचे, थोरल्याचे, यांचे, माझे. सासूबाईंचे नव्हते, तर त्याच रुसल्या. "मी काय घरातून गेले?" म्हणून शेंगा सोलणे आणि भाजी निवडणे त्यांच्या नावावर चढले. थोरल्याने दोन आठवडे दार लोटून भांडी घासली. एकदा त्याचे मित्र अचानक आत आले, ते पाहत राहिले, आणि हा घासत राहिला. त्यानंतर दार उघडे असते. यांच्या नावावर रविवारचा चहा आणि कुकर होता. कुकर तीन रविवार लागला. दिवाळीला भिंत रंगवली तेव्हा कागद निघाला, तो पुन्हा लागलेला नाही. पण जेवल्यावर ज्याचे ताट त्याने घासायचे, हे मात्र राहिले आहे, आणि थोरला अजून आठवड्यातून दोनदा भात लावतो. एवढेच. पण एवढे माझ्या आईच्या घरी नव्हते.

तेव्हा मी आज भाषणाबरोबर एक ठराव मांडते. दर मे महिन्यात आपण मुलांचा वर्ग घेतो. तीसपस्तीस मुले येतात. श्लोक म्हणतात, चित्रे काढतात, पोहे खातात आणि जातात. मग आपण सहाजणी सभागृह झाडतो आणि बशा धुतो. या वर्षीपासून वाढणे, बशा धुणे आणि खोली झाडणे हे मुलांच्या टोळ्यांनी करावे. टोळीत मुलगे आणि मुली सारख्याच. नावे हजेरीच्या क्रमाने. आईबाप कोण, काय करतात, हे त्यात पाहायचे नाही. प्रत्येक टोळीबरोबर आपल्यापैकी एकीने हाती फडके घेऊन असावे, नुसते उभे राहून सांगू नये. आपले सभागृह झाडणाऱ्या मावशींचा पगार यामुळे एक रुपयाने कमी होता कामा नये, आणि त्यांची नात वर्गाला यावी. तिचे शुल्क मी माझ्या भिशीतून भरीन. आणि मुलगे घरी गेल्यावर ज्या आया म्हणतील, "राहू दे बाळा, ठेव ते ताट, मी घासते," त्यांना आपण जाऊन प्रेमाने सांगावे की वर्गाचे वार घरीही चालू असतात.

पालक तक्रार घेऊन आले तर त्यांना माझ्याकडे पाठवा. मी त्यांना माझ्या मुलीची गाठ घालून देईन.

ठरावाला अनुमोदन कोण देते ते अध्यक्षीणबाईंनी विचारावे. माझे बोलणे संपले.